चि. निवृत्तीचे हात आणि पुढचे चाक

चिखली, माघ वद्य सप्तमी, शके १८६८

राजमान्य राजेश्री भगवंतराव यांच्या सेवेशी,

चिखलीहून हिंमतराव वकिलाचा नमस्कार पावावा. हा नमस्कार घरात, बैठकीवर मांडी घालून, कोणत्याही वाहनापासून पुरेशा अंतरावर बसून केलेला आहे. हा तपशील निष्कारण दिलेला नाही. त्याचे प्रयोजन पत्राच्या उत्तरार्धात येईल. सौ. मनकर्णावहिनींचा खोकला एव्हाना ओसरला असावा. तुमच्या उजव्या बैलाचे डोळे निवळले की नाही तेही कळवावे. (डाव्याला काही झाले नव्हते, तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला बांधला होता.) आमच्याकडे सर्व ठीक. माझी बहीण तानुबाई हिचे गुडघे थंडीत धरले होते ते आता सुटले आहेत. तिची जीभ धरलेली नव्हती.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे, आणि ती आरंभीच मांडून ठेवतो, म्हणजे मी वाटेत प्रतिज्ञा बदलली असा आक्षेप तुम्हाला घेता येऊ नये. प्रतिज्ञा अशी: तानुबाईचा मुलगा, माझा भाचा चि. निवृत्ती, याचे हात स्थिर आहेत. मार्गशीर्षात तो तुमच्या चि. कोकिळेस पाहायला आला तेव्हा त्याच्या मोटारसायकलचे पुढचे चाक डावीउजवीकडे हलत होते, हे मी नाकारत नाही. ते मी मागे बसून पाहिले, तुम्ही पुढे उभे राहून पाहिले. त्यानंतर तुम्ही नकार दिला नाही. "मुलीला अजून शिकू द्यावे म्हणतो" असा निरोप पाठवलात, जो आपल्या भागात नकाराचा सभ्य पोशाख आहे. (चि. कोकिळा शिकून शाळेत शिकवायला लागली आहे, हे निरोप आणणारालाही ठाऊक होते.) खरे कारण मध्यस्थ रामरावांनी चहाचा दुसरा कप संपल्यावर सांगितले. "वकीलसाहेब, राग नका मानू. पोरगं पिऊन आलतं म्हन्तेत ते. हँडल धरता येत नव्हतं त्याले." आणि जाताना असेही म्हणाले की खामगावकडचे एक घर विचारणा करून राहिले आहे आणि होळीच्या आत तुम्ही तिकडे होकार कळवाल. म्हणून हे पत्र होळीच्या आत.

निवृत्तीने स्वतः या बाबतीत मला काही म्हटलेले नाही. मुलगी पसंत आहे का, असे परतल्यावर तानुबाईने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "तिले सोताले ठसका लागला होता आई, पन पाण्याचा तांब्या तिनं पयले मले देला." एवढे बोलून तो विहिरीवर गेला. त्यानंतर दोन ठिकाणची माणसे स्थळ घेऊन आली. दोन्ही वेळा त्याला नेमके कुणाचे तरी इंजिन दुरुस्त करायला जायचे होते.

त्या दिवसाची हकीगत तुम्हाला तोंडपाठ असणार. तरी पुराव्याची मांडणी म्हणून पुन्हा सांगतो. आम्ही पैनगंगेच्या अंगाने गाडरस्ता धरून तुमच्या शिवारात शिरलो. तोपर्यंत गाडी इतकी सरळ चालली होती की मी मागे बसून तपकीर ओढली आणि ती सगळी नाकातच गेली. वेशीतून आत आलो. मुलगा येणार म्हणून दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर नेहमीपेक्षा अधिक मंडळी बसली होती, आणि मी वयाला व नात्याला शोभेल असा सर्वांचा रामराम घेत होतो. तेथून पुढचे चाक हलू लागले. आधी थोडे, मग सुपातल्या दाण्यासारखे इकडून तिकडे. निवृत्तीने मारुतीच्या पारापर्यंत गाडी कशीबशी आवरली. तुमच्या दारासमोर तुम्ही सहकुटुंब उभे होतात, तेथे मात्र ती रस्ता सोडून अंगणात वाळत घातलेल्या मिरचीत शिरली आणि मागच्या चाकाने तिने मिरचीचे जे काही केले ते वर्णन करण्याची गरज नाही. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम मी आजवर पुष्कळ ठिकाणी पाहिला. दोन्ही पक्ष डोळ्यांना पदर-उपरणे लावून बसलेले मी तेवढ्या एकाच ठिकाणी पाहिले. एरवी तो प्रसंग पाठवणीला येतो.

आता तुमचे अनुमान. डोळे लाल, जीभ अडखळते, पाय लटपटतात, हात हलतात; सबब मुलगा पितो. चार कारणे एका दमात दिली की ती भक्कम वाटतात. पण मेहकरला आपण दोघे ज्या शास्त्रीबुवांच्या ओसरीवर न्यायशास्त्राचे पाठ घेत होतो ते म्हणत, चार आंधळ्यांनी एकमेकांचे हात धरले म्हणून रस्ता दिसू लागत नाही. तेव्हा एकेकाचा हात सोडवून पाहू. डोळे लाल होते. तुमचेही होते, माझेही होते, आणि उजव्या बैलाचे होते. बैल पीत नाही. जीभ अडखळली, तुम्ही त्याला नाव विचारलेत तेव्हा त्याला मध्येच शिंक आली हे खरे, पण तो प्रश्न विचारताना तुम्हाला तीन आल्या होत्या. पाय लटपटले, वाळलेल्या मिरचीवर उभे राहून पाहावे, अधिक बोलत नाही.

राहिले हात. हे चौथे कारण मी झटकून टाकत नाही, कारण येथे खरा प्रश्न आहे. हँडल आणि हात एकत्र हलत होते. पण बाईचा हात आणि जात्याचा खुंटाही एकत्रच फिरतात. कोण कोणाला फिरवतो हे नुसते पाहून ठरत नाही. खुंटा हाताला फिरवत नाही असे आपण खात्रीने म्हणतो, कारण जात्याला इंजिन नसते. मोटारसायकलला असते. म्हणून हात हँडलला हलवत होते की हँडल हातांना, हे ठरवायला गाडी तपासणे भाग होते, आणि ती मी तपासली.

गाडी लष्करी आहे. लढाई संपल्यावर देवळालीच्या लिलावात निवृत्तीने ती घेतली. रंग शेवाळी, आवाज मोठ्या खलबत्त्याचा. लढाईत तो ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर अशाच गाडीवरून पलटणीचे निरोप पोचवीत असे, चिखलातून, डोंगरातून, दिवा न लावता. (पिणाऱ्या माणसाला पलटण निरोप देत नाही, असा मुद्दा मी मांडणार होतो, पण पलटणीविषयी जे ऐकून आहे त्यावरून तो उलटण्याचा संभव वाटला, म्हणून सोडला.) आता तो बागाईतदारांच्या विहिरींवरची तेलाची इंजिने दुरुस्त करतो. अशा विहिरी रस्त्यावर नसतात, म्हणून अशी गाडी. वकिली सोडल्यापासून मीही कधी कधी त्याच्या मागे बसतो, जुन्या पक्षकारांच्या भेटी होतात, शिवाय निवृत्तीला सोबत होते. कॅरिअरवर घोंगडीची घडी टाकलेली असते. माझी अंगकाठी तुम्हाला ठाऊक आहे. ती घडीवर मावत नाही.

तपासाला बसलो तेव्हा पहिला नियम असा केला की जे मी स्वतः गाडीवर बसून अनुभवीन तेवढेच पुराव्यात धरायचे. निवृत्ती एकदा म्हणाला होता, "मामा, एकट्यानं चालवतो तवा हालत नाही थे." मी त्याला समजावले की माझ्या गैरहजेरीत काय घडले ते मला त्याच्याच तोंडून कळते, म्हणजे तो ऐकीव पुरावा झाला, आणि तोही हितसंबंधी साक्षीदाराचा. तानुबाई म्हणाली, "मंग रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहा ना दादा." पण लांबून दिसणारा कंप आणि अंगाला जाणवणारा कंप यांत फरक असतो. तिला तो पटला नाही.

पहिल्याच आठवड्यात एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. गाडी शिवारात हलत नसे; गावात शिरली की हले. साखळी गाव, अमडापूर, खुद्द चिखलीतला बाजाररस्ता, सर्वत्र तेच. जेथे गाव तेथे कंप. इतकी स्वच्छ व्याप्ती, म्हणजे जेथे हे तेथे ते असा नियम, कोर्टात उभ्या जन्मात हाती लागली नव्हती. कारणही उघड दिसले: गावात बैलगाड्यांची वर्दळ, त्यामुळे खोल चाकोऱ्या, पुढच्या चाकाच्या जोडात कुठेतरी ढिलाई असली पाहिजे, आणि चाकोरी त्या ढिलाईला उघडे पाडत असली पाहिजे. निवृत्तीला हे सांगितले. तो रुमालाने हात पुसत राहिला, मग म्हणाला, "तुमी म्हणान तसं पाहू मामा."

आधी हवा. मी चाक कडक करायला सांगितले. गाडी कडक झाली आणि माझी पगडी नाल्यात गेली. हवा कमी केली तर चाक वखराला जुंपल्यासारखे चालू लागले. मग तारा. प्रत्येक तार बोटाने छेडून, आवाज ऐकून, ढिली होती ती निवृत्तीने पिळली. चाक उचलून फिरवले, ते सरळ फिरले. कंप कायम. मग हँडलच्या मधोमध एक गोल मूठ असते, ती आवळली की हँडल जड होते, म्हणजे हँडलने वाटेल तसे भिरभिरू नये अशीच तिची योजना. औषध समोर असताना रोग्याला काढा पाजत बसलो याची मला खंत वाटली. मूठ पूर्ण आवळायचा हुकूम दिला. निवृत्ती म्हणाला, "मामा, थोडीशीच आवळली तं…" मी म्हणालो, उपाय अर्धवट करू नये. त्या दिवशी चाक खरोखर हलले नाही. वळलेही नाही. रस्ता जेथे डावीकडे वळतो तेथे आम्ही सरळ हरभऱ्यात गेलो. निवृत्ती गाडीसकट उभा राहिला. मी गाडीशिवाय पुढे गेलो. हाडवैद्याने माझ्या उजव्या मनगटाला कामट्या बांधल्या आणि हात झोळीत घालून गळ्यात अडकवला. मान हलवली तरी कळ येई. हरभऱ्याच्या मालकाने, कडूबा त्याचे नाव, मला उठवताना विचारले, "वकीलसाहेब, मोजणीले आलते का?"

हात गळ्यात असताना मी खाटेवर बसून मुख्य काम करवून घेतले. पुढचे चाक ज्याच्यात असते तो चिमटा अधांतरी राहील अशी गाडी पाट्याच्या दगडावर टेकवली, आणि निवृत्तीने तो खालून धरून पुढेमागे ढकलला. आतून टक् असा आवाज आला. तो आवाज ऐकून मला जो आनंद झाला तो एखादा खोटा साक्षीदार स्वतःहून बोलता झाल्यावर होतो तसा होता. हँडलचा दांडा ज्या वाटीत फिरतो तिच्यातले छर्रे झिजले होते, काही फुटले होते, वाटीला खळगे पडले होते. म्हणजे ढिलाई होती. हे मी मुद्दाम अधोरेखित करतो: ढिलाई होती, आणि मी म्हटले तेथेच होती. नवे छर्रे आणि वाट्या निवृत्तीने जालन्याहून आणल्या. (देऊळगावराजाच्या पुढे निजामाच्या मोगलाईचा जकातनाका लागतो. तेथे विचारले तर वस्तूचे नाव खरे सांगायचे, असे मी त्याला बजावले होते. त्याने खरे सांगितले: छर्रे. बंदुकीचे समजून त्यांनी त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले, शेवटी नाकेदाराची स्वतःची सायकल खोलून दाखवल्यावर सोडले. ती परत जोडून द्यायला आणखी वेळ गेला.) गाडीच्या वंगणाने वाटी भरली, छर्रे बसवले, वरचा नट इतका आवळला की ढिलाई उरू नये आणि हँडल आपल्या वजनाने दोन्हीकडे पडावे. आवळण्याचे प्रमाण निवृत्तीने ठरवले. मुठीचा विषय मी पुन्हा काढला नाही. तानुबाई ओसरीवर गहू निवडत होती. ती म्हणाली, "दादा, इतकी साक्ष तं तुमी खुनाच्या केसीत नव्हती घेतली. आता भेटन का जामीन गाडीले?"

जामीन मिळाला. हात गळ्यात घेऊनच मी मागे बसलो, डाव्या हाताने निवृत्तीचा खांदा धरला, आणि आम्ही साखळीतून, अमडापुरातून, बाजाराच्या दिवशी चिखलीच्या भर बाजारातून गेलो. चाकोऱ्या त्याच, हवा तीच, भाचा तोच, मामा तोच. चाक रेसभर हलले नाही. लोक दोन्ही बाजूंनी विचारत, काय झालं हाताले, मी तोंडानेच उत्तर देई, कारण वळलो की कळ येई. घरी येऊन मी तुम्हाला पत्र लिहायला बसलो. ते पत्र या पत्रापेक्षा पुष्कळ लहान आणि पुष्कळ चांगले होते. त्यात निष्कर्ष असा होता की दोष छर्‍यांचा, छर्रे बदलले, दोष गेला, आणि तुम्ही विनाविलंब क्षमा मागावी. डाव्या हाताने लिहिल्यामुळे अक्षर वाचवेना, म्हणून हात सुटेपर्यंत थांबलो. यात दैवाचा काही भाग असावा.

हाडवैद्याने कामट्या काढल्या त्याच दिवशी आम्ही अमडापूरला जायला निघालो. शिवारात गाडी रेशमासारखी. वेशीत शिरलो, आणि पुढचे चाक हलू लागले.

मी गाडी थांबवायला सांगितली आणि वेशीबाहेरच्या निंबाखाली बसलो. निवृत्तीने गाडी उभी केली आणि तो दूर जाऊन विडीही न ओढता उभा राहिला. मी विचार केला तो असा. नवे छर्रे बाजाराच्या दिवशी होते, आज आहेत. तेव्हा कंप नव्हता, आज आहे. तेव्हा छर्‍यांवर कंपाचे असणे-नसणे अवलंबून नाही. चाकोरी, हवा, तारा, मूठ, निवृत्ती, सर्व तेव्हा होते तेच. तेव्हा होते आणि आज नाही असे या जगात एकच होते: माझ्या गळ्यातली झोळी. पण मागच्या माणसाच्या गळ्यातल्या फडक्याचा पुढच्या चाकाशी काय संबंध? संबंध नाही, म्हणून मी ते दोनदा बाजूला सारले. तिसऱ्यांदा ते सारायला हात उचलला, तेव्हा समोरून भगवंताच्या देवळाकडे जाणारा एक म्हातारा म्हणाला, "रामराम वकीलसाहेब." मी दोन्ही हात जोडले, कमरेतून त्याच्या बाजूला वळलो, वाकलो, "रामराम" म्हणालो. पलीकडून दुसरा म्हणाला. तिकडे वळलो.

शास्त्रीबुवांचा धुराचा पाठ तुम्हाला आठवत असेल. जेथे धूर तेथे विस्तव हे खरे, पण जेथे विस्तव तेथे धूर हे खरे नाही. धुराला ओले सरपण लागते, आणि ते ओले सरपण जो पाहत नाही तो आयुष्यभर विस्तवाला दोष देतो. भगवंतराव, गाव आणि चाकोरी हा विस्तव होता. या प्रकरणातले ओले सरपण मी होतो. वेशीपासून वेशीपर्यंत, दोन्ही ओळींतल्या प्रत्येक ओट्याला, खांदा सोडून, दोन्ही हात जोडून, कमरेतून वाकून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आणि तुमच्या गावी मुलाचा मामा म्हणून आलो होतो, तेव्हा एकही ओटा सोडला नव्हता.

निवृत्तीला जवळ बोलावले आणि विचारले, तुला हे ठाऊक होते का? तो पायाने माती सारखी करत म्हणाला, "हाव मामा."

"केव्हापासून?"

"पयल्या दिसापासून."

मग सांगितले का नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, "आता तुमाले रामराम करू नका म्हनू का? गावची मानसं म्हनतीन, वकीलसाहेब फटफटीवर बसले आन् मान ताठ झाली त्याईची."

मी म्हणालो, अरे, पण तिकडे तुला प्यायलेला म्हणून राहिले आहेत. स्थळ जाऊन राहिले आहे.

"म्हनू द्या. पेलो नाही थे मले माहीत हाय." मग म्हणाला, "पन वाईट वाटलं मामा. तिलेबी तसंच वाटलं असन."

त्याच वेळी आणखी एक गोष्ट उलगडली. निवृत्ती मला नेहमी धुऱ्या-बांधाने, नाल्यातून, पांदणीतून नेतो, आणि सरळ रस्ता असता इतके हाल कशाला, म्हणून मी त्याला वर्षभर बोलत आलो. आडरानाची त्याला लष्करात सवय लागली, असे मी चारचौघांत सांगतही असे. तो गावे चुकवत होता. जेथे माणसे नाहीत तेथे रामराम नाही. तुमच्या दारी यायचे तेव्हा मात्र गाव चुकवून येण्याची सोय नव्हती. मुलगी गावात होती.

यानंतर मी नजरेने रामराम घेऊन पाहिला. साखळीचे एक गृहस्थ संध्याकाळी घरी येऊन विचारून गेले की त्यांचे काही चुकले का. तेव्हा आता व्यवस्था अशी केली आहे: वेस आली की मी उतरतो, गावातून पायी जातो, सर्वांचा रामराम रीतसर घेतो, आणि पलीकडच्या वेशीत निवृत्ती गाडी घेऊन उभा असतो. अमडापूरला या प्रकाराला बराच वेळ लागतो, कारण तेथे चहा होतो. चाक हलत नाही.

आता निगमन, म्हणजे निष्कर्ष. माझ्यासारखा माणूस मागे बसून दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाकत असताना, झिजलेल्या छर्‍यांची गाडी वेशीपासून तुमच्या दारापर्यंत उभीच्या उभी आणायची, आणि एकाही माणसाला, पोराला, कोंबडीला धक्का न लावता शेवटी फक्त मिरचीत घालायची, हे प्यायलेल्या हातांचे काम नव्हे. न प्यायलेल्यांपैकीही फार थोड्यांचे असेल. चाकाचा जो कंप तुम्ही त्याच्याविरुद्ध दाखल केलात तोच मी त्याच्या बाजूने दाखल करतो. प्रतिज्ञा सिद्ध झाली असे माझे म्हणणे आहे. भाच्याने मामाला खरे सांगू नये हा गुण की दोष, याविषयी मी स्वतः अनिर्णित आहे. सासऱ्याला तो कसा वाटतो ते तुम्ही ठरवावे.

घरातल्या थोरामोठ्यांना माझा आदर आणि लहानांना मायेचा हात, दोन्ही जागच्या जागी बसून.

तुमचा ओसरीबंधू,
हिंमतराव

ता. क. तुमच्या मळ्यातले इंजिन दिवाळीपासून बंद आहे असे रामराव बोलून गेले. फाल्गुन शुद्ध पंचमीस निवृत्ती ते पाहायला येईल. एकटा येईल. माझी विनंती इतकीच की त्या दिवशी तुम्ही दारात उभे राहावे आणि तो वेशीपासून येताना पुढच्या चाकाकडे पाहावे. मिरची उचलून ठेवण्याचे कारण नाही. वाळत असेल तेथेच राहू द्यावी.

ता. क. हे पत्र तानुबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "इतकं लांबन काऊन लावलं दादा? तिनं काठोकाठ भरलेला तांब्या देला होता त्याले, शिंका येत होत्या तरी थेंब नाही सांडला त्यानं. येवढंच लिवायचं." तांब्या मीही पाहिला होता. त्यातले पाणी हलले नव्हते, हे मला आता स्पष्ट आठवते, आणि त्या पुराव्यापुढे वरील सर्व पत्र अनावश्यक ठरते. या मुद्द्यावर सर्वांत जवळची साक्ष चि. कोकिळेची आहे. तिला कोणी विचारले आहे का?

ता. क. पंचमीस त्याच्या तोंडाचा वास घेण्याचा विचार कोणाच्या मनात आला तर तो सोडून द्यावा. ते काम झालेले आहे. खाली सही करून देतो:

मी, हिंमतराव, राहणार चिखली, शुद्धीवर असताना व कोणाच्या दबावाखाली नसताना कबूल करतो की निवृत्तीवर पहिला संशय भगवंतरावांनी घेतला नाही. त्या दिवशी परतताना, त्यांची वेस ओलांडताच, मी गाडी थांबवायला लावली आणि भाच्याला तोंड उघडायला सांगितले. त्याने उघडले. वास मनकर्णावहिनींच्या गुळाच्या चहाचा होता. ही माझी चूक होती. निवृत्तीने तोंड मिटले, "बसा मामा" म्हणाला, मी नीट बसेपर्यंत थांबला, आणि पुढचे गाव लागण्याच्या आधीच गाडी बांधावर घातली.

सही,
हिंमतराव